टाच टेकली पाहिजे

गेल्या वर्षी न्हाणीत घसरून पडले, तेव्हा डॉक्टरांनी माझ्या डाव्या पायाचा एक्स-रे काढला. नवे डॉक्टर, तरुण. फोटो उजेडाला धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आजी, घोट्याचा सांधाच नाही इथं. सगळं एक हाड झालंय. कुणी केलं हे? आणि स्क्रू कुठंय? पट्टी, खिळा, काहीच दिसत नाही."

मी म्हटलं, "स्क्रू आमच्या सैपाकघरात आहे."

त्यांना वाटलं, म्हातारीच्या डोक्यालाही मार लागलाय. लगेच माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. घरी आल्यावर नातवंडं मागं लागली की त्या स्क्रूचं काय ते एकदा लिहून ठेव. म्हणून लिहिते.

एकोणीसशे तीसच्या थोडं पुढची गोष्ट असेल. मी सोळा-सतरा वर्षांची होते आणि माझ्याइतकं शहाणं मोडनिंबपासून सोलापूरपर्यंत कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. दिसायला बरी होते, हे मला कुणी सांगावं लागत नसे. पाण्याच्या घागरीत वाकून मी रोज स्वतःच बघून घेत असे. ती पोरगी आज समोर आली तर मी तिला आधी पाणी भरायला लावीन आणि मग बोलेन.

माहेर मोडनिंबचं. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला माहेरी गेले होते. मळ्यातल्या लिंबाला झोका बांधलेला. बाकीच्या पोरी झोका थांबल्यावर उतरत होत्या. आता, सासर सोलापूरचं, मिलचा भोंगा ऐकणारी मी, त्यांच्यासारखी कशी उतरणार? मी उभ्यानं झोका चढवला आणि वर गेल्यावर उडी मारली. नऊवारी लुगड्यात. सगळ्यांनी बघावं म्हणून मारलेली ती उडी सगळ्यांनीच बघितली. डावं पाऊल माझ्याखाली असं दुमडलं की पावलाचा तळवा मलाच दिसला.

गावातल्या पैलवानानं पाय ओढला, अंडं आणि हळद लावून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि "हाड बसलं" म्हणून सांगितलं. हाड बसलं खरं, पण त्याला वाटलं तिथं बसलं.

सोलापूरला परत आले ती लंगडत. आमचं घर मिलच्या मागच्या वस्तीत, दोन खोल्यांचं, मातीच्या जमिनीचं. घरात माणसं चार. सासरे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात लेथवर होते; शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारच्या गाडीनं जायचे. त्यांना मी मामंजी म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात, कारण त्यांच्यासमोर तोंड उघडायची पद्धतच नव्हती. सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. आमचे हे मिलमध्ये. ते फार बोलत नसत, आणि या सगळ्या प्रकरणातही ते बोलले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल इथं फार येणार नाही.

पायाचं दुखणं कसं सांगू? दाणे न टाकता जातं ओढलं की दगडावर दगड घासतो, तसं प्रत्येक पावलाला आत घासायचं. मला तो आवाज ऐकू यायचा. आणि घरातलं एकूण एक काम जमिनीवरचं. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, भांडी जमिनीवर. उकिडवं बसल्याशिवाय त्या घरात भाकरी होत नव्हती. मला बसता यायचं नाही. डावा पाय बाजूला लांब पसरून मी कशीतरी टेकायची, आणि कुणाचा पाय ओलांडू नये म्हणून आत्याबाई अख्ख्या खोलीला वळसा घालून जायच्या. दर वळशाला तोंडानं काहीतरी चालू.

"आमचं सैपाकघर म्हंजे रेल्वे झालंय. फाटक पडलंय, थांबा आता."

हसायला येतं आता. तेव्हा येत नव्हतं. त्या काळी पायानं गेलेली सून माहेरी धाडून दुसरी आणणं फारसं अवघड नव्हतं. आमच्या घरात तसा शब्द कुणी काढला नव्हता. पण एकदा पाणी भरायला गेले तर नळावरच्या बाया एकदम गप्प झाल्या, आणि दोन दिवसांनी आत्याबाईंनी विचारलं, "तुज्या आईला बरं हाय का? बोलवून घ्यावं म्हनते एकदा." तेव्हापासून मला झोप लागायची ती अर्धीच.

बायकांच्या दवाखान्यात पुण्याहून एक मोठे सर्जन अधूनमधून येतात, असं कळलं. मामंजींनीच एका रविवारी टांगा आणला. सर्जननी पाऊल हातात धरून हलवलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाऊल हळूच खाली ठेवलं.

"सांध्यातल्या हाडांच्या तोंडावर गुळगुळीत अस्तर असतं," ते मामंजींना म्हणाले. "हिचं ते फाटून गेलंय. हाडावर हाड घासतंय. हलतंय म्हणून दुखतंय. तेव्हा हलणंच बंद करायचं. मी उरलंसुरलं अस्तर खरवडून काढतो, उघड्या हाडाला उघडं हाड भिडवतो, आणि ती जागची हलू नयेत म्हणून मधे खुंटी ठोकतो. काही महिन्यांत दोन्हींचं एक हाड होतं."

"खुंटी कशाची, सायेब?" मामंजींनी विचारलं.

"बाहेरच्या देशांत पोलादी स्क्रूसुद्धा घालतात."

"हाडात? मंग त्येला गंज चढंल की."

सर्जन हसून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात नर्सबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं. आधी नुसतं पलास्टर करून बघायचं ठरलं होतं आणि आत गर्दी नको होती. आत्याबाईसुद्धा बाहेर गेल्या. आत मी, सर्जन आणि नर्सबाई. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा तिथं झाला, आणि तो व्हायला फार वेळ लागला नाही.

सर्जन म्हणाले, "हे बघ मुली, पाऊल एकदा बंद झालं की त्याच कोनात जन्मभर राहणार. मागाहून बदलता येणार नाही. म्हणून आधी विचारतो. पायात काय घालतेस? टाच केवढी असते?"

पायात काय घालते! लग्नातल्या वहाणा माळ्यावर ठेवलेल्या, त्यानंतर माझ्या पायाला चामडं लागलेलं नव्हतं. पण समोर नर्सबाई उभ्या होत्या. काळे चकचकीत बूट, टाच चांगली दोन-तीन बोटं उंच. त्या चालल्या की दवाखान्याच्या फरशीवर खट् खट् असा आवाज व्हायचा आणि पलंगावरच्या बाया आपोआप सरळ व्हायच्या. मी त्या बुटांकडे बोट दाखवलं.

"अशी?" सर्जननी विचारलं.

"व्हय, अशी."

नर्सबाईंनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, नक्की ना?"

"नक्की की."

माझ्या डोळ्यांसमोर चित्रच तयार होतं. पाय बरा झालाय, मी खट् खट् करत नळावर चाललेय आणि सगळ्या बाया सरळ होतायत. कुठले बूट, कोण घेऊन देणार, नऊवारीखाली ते कसे दिसणार, असल्या बारीक गोष्टी माझ्यासारख्या हुशार माणसाला सुचत नाहीत.

सर्जन म्हणाले, "ठीक. त्या कोनात पलास्टर घालतो. पुढच्या खेपेला मी येईपर्यंत त्याच्यावर घरातलं सगळं काम कर. मग ऑपरेशनच्या आधी मला सांग, हाच कोन हवा का." त्या माणसाच्या या शहाणपणावर मी आज दोन पायांवर उभी आहे.

पलास्टर टाच उचललेलं बसलं. त्याखाली बांधायला नर्सबाईंनी लाकडी तळाची, उंच टाचेची एक चपलेसारखी वस्तू दिली. ती बांधून मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून टांग्यापर्यंत चालत गेले, आणि जाता जाता मला उमगलं की दुखत नाहीये. काहीच दुखत नाहीये. वर्षभर पावलागणिक ऐकलेला तो आतला आवाज बंद झाला होता. मी टांग्यात बसले आणि पदरात तोंड घालून रडले. आत्याबाईंना वाटलं, दुखतंय. त्यांनी टांगेवाल्याला हळू हाकायला सांगितलं.

घर आलं. मी उंबऱ्याशी पोचले.

"काड की ते पायातलं," आत्याबाई म्हणाल्या.

अर्थात. पायातलं दाराबाहेर काढून घरात यायचं, हे मी चालायला लागल्यापासून करत आले होते. देवापाशी, चुलीपाशी कोण चपला घालून जातं? पण कोनाचा विचार करताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी ती लाकडी टाच सोडली, पाय घरात टाकला, आणि टाच अधांतरी लोंबली. सगळं वजन चवड्यावर. चार पावलं टाकली तर कोंबड्यासारखी मान पुढं जायला लागली. जन्मभर मी घरात अशीच चालणार होते. बाहेर सरळ आणि घरात बगळा. आणि बाहेर तरी मी कितीशी जाणार होते?

संध्याकाळी चुलीपुढं बसायला गेले. एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळत खाली जाताना मागं कलंडले, हात आमटीच्या पातेल्यावर गेला, आणि आमटी राखेत. आत्याबाईंनी काही न बोलता फडकं आणलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतरच्या दिवसांत त्या रोज माझा पाय बघायच्या. लांबून, मान तिरकी करून, भिंत ओळंब्यात आहे का ते गवंडी बघतो तशा. आणि रोज त्यांचं मत घट्ट होत गेलं.

"वाकडा बसवलाय डाक्टरनं. टाच खाली येत न्हाई. असाच बंद केला तर पोरगी जन्माची चवड्यावर. आनि चुलीपुढं तर बसताच येत न्हाई. असला पाय करून घ्यायचा, त्यापरीस हाय तो बरा."

माझ्या घशाशी शब्द यायचे. आत्याबाई, डॉक्टरनं वाकडा बसवला नाही, मीच सांगितला. मला नर्सबाईंसारखे बूट घालायचे होते. हे वाक्य मी मनात कितीतरी वेळा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी शेवटच्या चार शब्दांपाशी माझी जीभ टाळ्याला चिकटली. जन्मभर लंगडणं परवडलं, पण आत्याबाईंच्या तोंडून नळावर तो किस्सा जाणं परवडणार नव्हतं. अशी माझी किंमत होती तेव्हा.

दुपारी काम उरकलं की मी भिंतीपलीकडच्या घरात जायची. ते तेलुगू विणकरांचं घर. त्यांचे माग जमिनीत. विणणारा जमिनीच्या बरोबरीनं काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. विणकराची बायको, तिला आम्ही अक्का म्हणायचो, मला बघितलं की रिकाम्या मागाकडे हात करायची. "कूर्चो, कूर्चो." म्हणजे बस. मी काठावर बसून पाय खड्ड्यात सोडायची. तिथं माझ्या टाचेला कुणी काही विचारत नव्हतं. अक्काला सुताच्या कांड्या भरू लागायची. एकदा आत्याबाई मला शोधत तिथं आल्या आणि दारातच थांबल्या. बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण "चल, पीठ मळायचंय" एवढंच म्हणाल्या.

सर्जन यायचा रविवार आला. मामंजींनी धुतलेलं धोतर नेसलं, खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. आत्याबाई टांग्यात माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी मनात काय ठरवलंय ते मला ठाऊक होतं. सर्जन त्याच संध्याकाळच्या गाडीनं जाणार होते आणि मग थेट पावसाळ्यानंतर येणार होते. तोवर पलास्टर निघालेलं असणार, आत पुन्हा जातं सुरू झालेलं असणार, आणि माझी आई मला न्यायला मोडनिंबहून आलेली असणार.

आत गेल्यावर मामंजींनी खिशातनं काढून टेबलावर ठेवला तो पितळेचा स्क्रू. करंगळीएवढा. आटे असे बारीक आणि सारखे की त्यावरून उजेड घसरत होता. "रिकाम्या वक्ताला लेथवर काडला, सायेब. पितळेला गंज न्हाई."

सर्जननी तो उचलून बोटात फिरवला, खिडकीपाशी नेऊन पाहिला. "फार सुंदर काम आहे. पण पितळ शरीरात चालत नाही, आतून चरतं. मी बाहेरचं काहीच घालणार नाही. हिच्याच नडगीच्या हाडाची एक पट्टी काढतो आणि तीच खुंटी म्हणून ठोकतो. स्वतःचं हाड असलं की आत जीव धरतं."

"म्हंजे लाकडाला लाकडाचीच खुंटी." मामंजींना ते पटलं. थोडं वाईटही वाटलं असावं. स्क्रू उचलून पुन्हा खिशात टाकला.

"ऱ्हाऊ द्या ते," आत्याबाई म्हणाल्या. त्या अजून बसल्याही नव्हत्या. "सायेब, आमाला करायचंच न्हाई. तुमचं पलास्टर वाकडं बसलंय. पोरीची टाच टेकत न्हाई."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. खाली नर्सबाईंचे बूट.

"वाकडं नाही बसलेलं," ते सावकाश म्हणाले. "विचारून बसवलंय."

"कुनाला इचारलं?"

नर्सबाईंनी तोंड फिरवून उगाच बाटल्या सरळ केल्या. त्या माझ्यासाठी गप्प राहिल्या, आणि त्यांच्या गप्प राहण्यानं माझं आणखीच वाटोळं होत होतं.

"इचारलं म्हनं," आत्याबाई म्हणाल्या. "चल गं. टांगा उभा हाय." आणि त्यांनी माझा दंड धरला.

मी उठले. खरंच उठले. दोन पावलं दाराकडे गेलेसुद्धा. मग त्या पलास्टरकडे नजर गेली, ज्याच्या आत इतके दिवस काही दुखलं नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं, पदर पुढं ओढला, आणि मामंजींसमोर आयुष्यात पहिल्यांदा आवाज काढला.

"मलाच इचारलं हुतं. मीच सांगितलं टाच उंच ठिवा म्हनून."

मामंजींनी ऐकलं होतं, चार हातांवर तर उभे होते. पण सून थेट बोलली हे त्यांनी ऐकायचं नसतं. त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "काय म्हनती ती?"

"म्हनती, तिनंच सांगितलं टाच उंच ठिवायला."

"कशापायी?"

आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "कशापायी गं?"

मी भिंतीला सांगितलं, "नर्सबाईवानी बूट घालायचे हुते."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मग मामंजींकडे वळून, शब्द न् शब्द मोजून, "म्हनती, नर्सबाईवानी बूट घालायचे हुते तिला."

मामंजी खिडकीकडे गेले. त्यांची पाठ हलत होती. खोकल्यासारखं काहीतरी झालं. मी भिंतीलाच पुढं सांगत सुटले, आता बांध फुटलाच होता. "आता उंच नको. खाली पायजे. जमिनीला टेकवा. टाच टेकली पायजे. दुखत न्हाई हो याच्यात. काईच दुखत न्हाई."

"टेकवतो," सर्जन म्हणाले. "काटकोनात बंद करतो. अनवाणी चालताना टाच जमिनीवर येईल. पण बाई," ते आत्याबाईंकडे वळले, "एक गोष्ट आत्ताच सांगतो, मागाहून मला बोल लावू नका. उकिडवं तिला कधीच बसता येणार नाही. मी कितीही चांगलं केलं तरी नाही. घोटा वाकणारच नाही, तर माणूस उकिडवा बसणार कसा?"

"कदीच न्हाई?"

"कधीच नाही."

मामंजी खिडकीतूनच म्हणाले, "तू ठरीव. सैपाकघर तुजं हाय."

आत्याबाई खुर्चीवर बसल्या. दवाखान्यातल्या खुर्चीवर त्या आयुष्यात पहिल्यांदा बसल्या असतील. माझ्याकडे बघत राहिल्या. मी कानांवरून पदर थोडा सरकवला, म्हणजे नीट ऐकू यावं. बाहेर टांग्याचा घोडा पाय आपटत होता. माझ्या जन्माचा निकाल त्या एका बाईच्या हातात होता, जिनं वर्षभर माझ्या पायाला वळसे घातले होते.

"पलास्टर नसताना लई दुखायचं व्हय?" त्यांनी विचारलं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"व्हय."

"रोज?"

"उभं ऱ्हायलं की."

त्या उठल्या, पदर खोचला. मग सर्जनना म्हणाल्या, "करा. चुलीचं मी बगते."

चुलीचं काय बघणार, ते मला कळलं नाही. सर्जननाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जननी त्यासाठी गाडी सोडली आणि एक मुक्काम वाढवला. क्लोरोफॉर्मचा गोडसर, मळमळणारा वास नाकावर आला आणि माझी शेवटची भीती मरणाची नव्हती. सर्जन विसरले तर? पुण्याला इतक्या बायकांना उंच टाच करून देतात, हाताची सवय म्हणून माझीही उंच केली तर? नर्सबाईंनी नंतर सांगितलं की मी गुंगीतही "टाच टेकवा, टाच टेकवा" म्हणत होते, आणि सर्जन शेवटी म्हणाले, "टेकवतो गं बाई, आता झोप."

जाग आली तेव्हा बोटांपासून मांडीपर्यंत पांढरा, ओला, जड खांब. घोट्यापेक्षा नडगी जास्त ठणकत होती, जिथून हाड काढलं होतं. पलास्टरवर घोट्यापाशी एक लाल डाग वर आला. नर्सबाईंनी पेन्सिलीनं त्याच्याभोवती रेघ ओढली. "हा रेघेबाहेर जातो का बघायचं," म्हणाल्या. दुपारी डाग रेघेबाहेर गेला. त्यांनी दुसरी रेघ ओढली. संध्याकाळी ताप चढला. सर्जन पुण्याला गेलेले. तेव्हा आतासारखी औषधं नव्हती. आत पू झाला तर खुंटी जीव धरणार नाही, आणि मग कदाचित पायच राहणार नाही, हे मी बाजूच्या पलंगावरच्या बाईकडून ऐकलं. तिला असल्या गोष्टी सांगायला फार आवडायचं.

रोज सकाळी नर्सबाई येऊन पलास्टरला नाक लावायच्या. वास येतो का बघायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या सरळ होऊन, काही न बोलता पुढच्या पलंगाकडे खट् खट् करत जायच्या, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. त्या आवाजाची मी किती वाट बघायची! पण बूट हवेत असं एकदाही वाटलं नाही. तिसरी रेघ ओढली. डाग तिच्या आत थांबला. मग तपकिरी झाला, वाळला. ताप उतरला.

नंतर महिने. मधे एकदा पलास्टर बदललं, तेव्हा मला डोळे मिटायला लावले आणि मी खरंच मिटले. पावलाकडे बघायची हिंमत नव्हती. पलास्टरच्या आत खाज सुटायची, मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. बाहेर पाऊस येऊन गेला, हवा कोरडी झाली. आत्याबाई डबा घेऊन यायच्या. घरचं विचारलं तर म्हणायच्या, "चाललंय. काम काडलंय." काय काम, ते सांगायच्या नाहीत. त्यांची नखं मातीनं भरलेली असायची.

शेवटी सर्जन आले. मोठ्या कात्रीनं पलास्टर फाडलं. आतून निघाला तो पाय माझा नव्हताच. काटकी, त्यावर साप कात टाकतो तसे पापुद्रे. सर्जननी टाच एका हातात धरली, पाऊल दुसऱ्या हातात, आणि पिळलं.

"दुखतं?"

मी थांबले. आत कान लावला. काहीच नाही. जातं नाही, घासणं नाही.

"न्हाई."

"उभी राहा."

नर्सबाईंनी एका बाजूनं धरलं, आत्याबाईंनी दुसऱ्या. पाऊल शहाबादी फरशीवर ठेवलं. थंडगार. मला खाली बघवेना. चवड्यावर आहे की सपाट आहे, ते इतक्या महिन्यांनी पायाला कळेना. मी आत्याबाईंकडे बघितलं.

आत्याबाईंनी माझा हात सोडला. खाली बसल्या, उकिडव्या. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. त्यांनी माझ्या टाचेखाली बोट घालून बघितलं. गेलं नाही. दुसऱ्या बाजूनं बघितलं. तिथूनही गेलं नाही.

"टेकली," त्या म्हणाल्या. आणि उठताना बोट पदराला पुसलं, जणू काही झालंच नाही.

त्या दिवशी मामंजी कुर्डुवाडीहून मुद्दाम आले होते. टांगा दाराशी थांबला. मी अनवाणी उंबरा ओलांडला. चाल थोडी ताठ, पण पाऊल अख्खं जमिनीवर. दोन खोल्या ओलांडून चुलीपाशी गेले आणि थबकले.

चुलीपुढं जमिनीत एक फळी बसवलेली होती, झाकणासारखी, सारवलेल्या जमिनीच्या अगदी बरोबरीनं. तिच्या मधोमध उचलायला मूठ म्हणून मामंजींचा पितळेचा स्क्रू, डोकं वर करून. आत्याबाईंनी तो धरून फळी उचलली. खाली खड्डा. शेजारच्या विणकराच्या मागाखाली असतो तसाच. चौकोनी, कडा लिंपलेल्या, तळाशी विटा बसवलेल्या. काठावर गोणपाटाची घडी.

"कूर्चो," आत्याबाई म्हणाल्या. अक्कासारखंच, पण खुद्द अक्कालाही कळलं नसतं अशा तेलुगूत.

मी काठावर बसले आणि दोन्ही पाय खड्ड्यात सोडले. चूल बरोबर छातीसमोर आली. परात डाव्या हाताला, तवा उजव्या. हात सगळीकडे पोचत होते. तळाच्या विटांवर पाऊल सपाट टेकलं.

मामंजी दारात उभे होते. आत्याबाईंना म्हणाले, "इचार तिला, खोली बराबर हाय का?"

"खोली बराबर हाय का, इचारत्यात."

"व्हय," मी थेट म्हणाले. त्यांनी ऐकलं, आणि या वेळी पुन्हा विचारलं नाही.

मी पीठ ओढलं. पहिली भाकरी फाटली. आत्याबाई बाजूला लाकडं सारत होत्या. चुलीकडे बघत, तोंडावरची रेघ न हलवता म्हणाल्या, "आता हितं बसून घाल की तुजे नर्सबाईचे बूट. खड्ड्यात हायेत, कुनाला दिसनार हायेत?"